ट्रॅक्टरला जंत झाले तेव्हा

आमच्या आबांच्या घरात माणसाला आणि जनावराला एकच औषध होतं, एरंडेल, आणि ट्रॅक्टर आला तेव्हा त्यालाही तेच लागू झालं. हे मी आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं ऐकताना लोक मला मध्येच तोडतात. "म्हातारबा, गंमत म्हणून सांगता का खरंच झालतं?" खरंच झालतं. माझं लग्न त्याच औषधावर जमलं. गया असती तर तिनं माझ्याआधी सांगितलं असतं, आणि माझ्यापेक्षा बरं सांगितलं असतं. ती जाऊन आता एक पावसाळा झाला. लोक म्हणतात देवाघरी गेली. मी मेली म्हणतो. जिच्याशी जन्मभर रोखठोक बोललो, तिच्या मरणाला गोड नाव कशाला देऊ?

माझा बाप मेंढरं वळायचा. मी चौथीपर्यंत शाळेत बसलो, नंतर मेंढरांमागं, आणि मिसरूड फुटायच्या सुमाराला आबांकडं सालगडी राहिलो. शिरूर कासारच्या अलीकडं त्यांची जमीन होती. घरात माणसं तीनच. आबा मालक. त्यांची बायको, तिला सगळे काकी म्हणायचे. आणि आबांचा धाकटा भाऊ तात्या, बिनलग्नाचा, सगळ्या शिवारातल्या ढोरांचा वैद्य. तात्याच्या कमरेला बांबूचं नळकांडं खोचलेलं असायचं, बैलाच्या जबड्यात औषध ओतायचं. ढोर असो का माणूस, तात्या आधी तोंड उघडायला लावायचा. पोट दुखलं तरी तोंड, पाय मुरगळला तरी तोंड. मी पहिल्या दिवशी कामाला आलो तेव्हा माझेही दात बघितले आणि आबांना म्हणाला, "टिकंल."

त्या घराचा वास अजून माझ्या नाकात आहे. काकी घरच्या एरंड्या भाजून, कुटून, मोठ्या पातेल्यात उकळायची आणि वर आलेलं तेल डावानं काढून डब्यात भरायची. तिखट, जड वास. तो भाकरीला लागायचा, गोधडीला लागायचा. सकाळी उठलो की आधी काकीच्या भाकऱ्या थापल्याचा आवाज, मग बैलांच्या घागरमाळा, मग तात्याचं कुणाला तरी दमात घेणं, "उघड, उघड तोंड!" जेवायला बाजरीची भाकरी आणि भाजल्या मसाल्याच्या येसराची आमटी. आमटी इतकी तिखट की नाक पुसत खायची. आता माझी सून चांगला स्वयंपाक करते, मला काही कमी नाही. पण ती तिखट कमी टाकते, डॉक्टरनं सांगितलंय म्हणून. नाक कोरडं ठेवून आमटी खाण्यात काय मजा?

तर त्या घरात ट्रॅक्टर आला. नवा नव्हे. कुठल्या तरी मोठ्या फार्मवर राबून थकलेला, लाल रंग उडून विटकरी झालेला. मांजरसुंब्याच्या ढाब्यावर ट्रकवाल्यांत उठबस असलेला एक मामू तो चालवत घेऊन आला आणि मला शिकवायला चार दिवस राहिला. आबांनी ट्रॅक्टर गोठ्यात, बैलांच्या शेजारी उभा केला. अमावस्येला बैलांना सुट्टी, तशी ट्रॅक्टरलाही. पोळ्याला त्याच्या पुढच्या लोखंडाला बैलांच्या शिंगांना लावतात तो हिंगूळ फासला आणि काकीनं पुरणपोळी दाखवली. डिझेल टाकीत आणि पोळी बॉनेटवर. मला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही. आजही फारसं वाटत नाही. राबतं ते जनावर, असा आबांचा हिशेब होता.

त्या ट्रॅक्टरचा गेर मात्र हट्टी होता. आताच्या ट्रॅक्टरचा गेर करंगळीनं पडतो, पोरं एका हातानं फोन कानाला लावून टाकतात. तो तसा नव्हता. एकदाच पायानं क्लच दाबून काठी ढकलली की आतून असा कर्र्र आवाज यायचा की झाडावरचे कावळे उडायचे. मामू म्हणायचा, "देख रे, पैले दाब के पूछने का. वो हाव बोल्या, तो दुसरे दाब में डालने का. पूछे बगैर किसी के घर में घुसते क्या?" म्हणजे पाय दाबायचा, काठी मधल्या जागी आणायची, पाय सोडायचा. वर चढवायचा असेल तर आवाज खाली पडू द्यायचा, खाली उतरवायचा असेल तर मध्येच जरा रेस द्यायची. आतली चाकं एका चालीत आली की पुन्हा पाय दाबून काठी टाकायची. मला ते समजलं ते मेंढरांवरून. माझा बाप कळप एका वावरातून दुसऱ्यात घालताना आधी बांधावर थांबवायचा. पुढची मागं बघतात, मागची पुढं ढुसण्या देतात. सगळी एका श्वासावर आली की मग आत. घाई केली की एखाद्या मेंढराचा पाय मोडलाच.

एकटा असलो की मला जमायचं. बांधावर नुसत्या टिटव्या असल्या की गेर असा पडायचा की मलाच हसू यायचं. पण कुणी बघायला उभं राहिलं की माझा पाय वेगळं बोलायचा आणि हात वेगळं. कर्र्र. आबा म्हणायचे, "बे, हाडं मोडतुयस का त्याची?"

ज्वारीच्या मळणीला आम्ही ट्रॅक्टर भाड्यानं द्यायचो. खळ्यावर कणसं पसरायची आणि त्यांवरून ट्रॅक्टर गोल गोल फिरवायचा. वढ्यापलीकडच्या गावात दगडूबा म्हणून आमच्याच समाजातला माणूस होता, थोडी मेंढरं, थोडी जमीन. बायको वारलेली, घरात एक बहीण आणि एक मुलगी. त्याच्या खळ्यावर गेलतो. बाया कडेला उभ्या, म्हणजे माझा हात बिघडलेलाच. फेऱ्याफेऱ्याला कर्र्र. तेव्हा एक पोरगी डोक्यावरचं सूप खाली ठेवून म्हणाली, "ओ डायवर, तुमचं टॅक्टर दात खातंय. जंत झाल्यात त्याला. वावडिंग पाजा."

बाया पदर तोंडात धरून हसल्या. मी म्हणालो, "यंत्र हाय ते. यंत्राला जंत होत न्हाईत."

"मंग डायवरला झाले असतील," ती म्हणाली, आणि सूप उचलून उफणायला लागली.

ती गया. मी त्या दिवशी खळ्याला जितक्या फेऱ्या मारल्या त्यातल्या निम्म्या फुकटच्या होत्या. कणसं केव्हाच मळून झाली होती.

घरी येऊन मी हे जेवताना गमतीनं सांगितलं. आबा हसले, काकी हसली. तात्या हसला नाही. त्यानं भाकरीचा घास खाली ठेवला. "कुणाची म्हनलास ती पोरगी?" मी सांगितलं. "डोकं हाय तिला," तात्या म्हणाला. "इतके दिवस माझ्या ध्येनात कसं आलं न्हाई? रातध्याड दात खातंय, वजन वढवंना झालंय, खाल्लेलं अंगी लागंना झालंय." डिझेल जास्त पितो याला तो अंगी न लागणं म्हणत होता. मग माझ्याकडं बघून म्हणाला, "आन तुझं काय? तुला आवडली का?" मी आमटीत बघत राहिलो. तात्यानं दुसऱ्या दिवशी माझ्या बापाला विचारलं आणि स्वतः दगडूबाकडं गेला.

दगडूबाचा निरोप आला की मी पोरगं बघायला येतो. त्याच्या घराण्यात पोरगं बघायची रीत होती. पोराला बैलगाडी जुंपायला लावायची, गाडीत काठोकाठ भरलेली घागर ठेवायची, पाव्हण्यांनी आत बसायचं आणि शिवारातून फेरी मारायची. पाणी सांडलं तर सोयरीक नाही. ज्याच्या हाताखाली जनावर हिसका खातं, त्याच्या हाताखाली पोरगी द्यायची नाही. आणि फेरी होईपर्यंत त्या घरच्या पाण्याला तोंड लावायचं नाही. तोंड लागलं म्हणजे सोयरीक लागली. दगडूबाच्या बहिणीचं असंच जमलं होतं, आणि मोडलंही होतं. एका जागी बैल बुजला, घागर कलंडली, पुन्हा दुसरं स्थळ आलं नाही, बाई भावाच्या दारातच राहिली. म्हणजे ही थट्टा नव्हती. निरोपात पुढं होतं, "पोरगा टॅक्टर हाकतो म्हनं, तर टॅक्टरच हाकून दावावा."

माझी भाकरी गोड लागेना. पाव्हणे ट्रॉलीत बसणार, म्हणजे सगळ्यांचे डोळे माझ्या पाठीवर. पहिल्याच गेरला कर्र्र होणार, ट्रॉली हिसका खाणार आणि गया दुसऱ्या कुणाच्या खळ्यावर उफणणार.

"काळजी करू नगंस," तात्या म्हणाला. "उद्या पाव्हणे, आज जुलाब."

दिवस मावळायच्या आधी आम्ही सगळे गोठ्यात. तात्यानं कमरेचं नळकांडं काढलं, काकीचा एरंडेलाचा भरलेला डबा आणला, त्यात वावडिंगाची पूड कालवली. काकी मागं ओरडत आली, "माझं वर्साचं तेल हाय ते! बैलाला पावशेर पुरतं!"

"ह्यो कितीक बैलांचं काम करतो? मंग डबा नगं?" तात्या म्हणाला. मग त्यानं ट्रॅक्टरभोवती एक चक्कर मारली. "तोंड कंचं याचं?"

"म्होरं पानी वततो ते," आबा म्हणाले.

"पानी पितं ते तोंड, मान्य. पर दात कुठं हायत?"

मी गेरच्या काठीखालच्या पेटीकडं बोट दाखवलं.

"मंग तोंड तेच. दात एकीकडं आन तोंड एकीकडं, असं जनावर देवानं केलं न्हाई."

मी म्हणालो, "तात्या, त्यात तेल असतं. आधीच हाय आत."

"कवाचं?"

ते मला माहीत नव्हतं. आबांनाही नव्हतं. मामूनंही कधी सांगितलं नव्हतं. तात्या म्हणाला, पोटात जुनं साचलंय, आधी खालची वाट मोकळी करा, नाहीतर औषधानं पोट फुगेल. खालचा नट पान्यानं फिरवला. आधी काहीच आलं नाही. मग डांबरासारखं काळं, जाड, घाण वासाचं तेल गदगदा घमेल्यात पडलं, आणि त्या तेलात, खोटं सांगत नाही, बारीक बारीक, चकाकणाऱ्या, वळवळीत तारा होत्या. दातांवर दात घासून सुटलेला लोखंडाचा कीस. तात्यानं काडीनं एक उचलून कंदिलापुढं धरली. ती काडीवर गुंडाळली गेली.

"जंत!" तात्या म्हणाला.

काकीनं पदर नाकाला लावला. "अगं बाई, केवढाले!"

आबांनी मला राख आणायला पाठवलं. गाय-वासराच्या बाबतीत करतात तसं त्या घमेल्यावर राख टाकली. तोवर शेजारचे जमले. एकानं विचारलं, जिवंत आहेत का. दुसरा म्हणाला, आमच्या पंपाला पण हेच असेल. मी नट बसवला, तात्यानं नळकांड्यानं वरून सगळा डबा रिचवला आणि रिकाम्या हातानं ट्रॅक्टरच्या मडगार्डवर थाप मारली, बैलाच्या वशिंडावर मारतात तशी. मी रात्रभर तळमळलो. कर्र्रची भीती होतीच, आता ट्रॅक्टर मरतो काय ही दुसरी.

सकाळी दगडूबा आला. सोबत चार पाव्हणे, बहीण, आणि गया. पोरगी मुलाच्या घरी येत नसते, पण दगडूबा म्हणाला, "माघारी घरी एकटी ठिवू का? आन हिलाच नांदायचंय, बघू द्या." गयानं डोक्यावरून पदर घेतला होता आणि माझ्याकडं एकदाही बघितलं नाही. ट्रॅक्टरकडं मात्र टक लावून बघितलं.

काकीनं रीत माहीत नसल्यागत चहा करून टाकला होता. आबा कसनुसे झाले. दगडूबानं चहाकडं बघितलं आणि म्हणाला, "घागर ऱ्हाऊ द्या. घागर बैलांला. ह्योच घिऊन बसतो. पर बशीत वता. बशी उथळ असती, बशी लबाडी करत न्हाई. हितून वढ्यापत्तुर. खड्ड्यानं सांडला तर माफ. हिसक्यानं सांडला तर न्हाई. न्हाई सांडला तर तिथंच पितो, बोलणी संपली."

मी हँडल मारलं. ट्रॉलीत आबा, तात्या आणि गयेसकट सगळे पाव्हणे मांडी घालून, प्रत्येकाच्या दोन्ही हातांत भरलेली बशी, देवापुढं निरांजन धरावं तशी. मी पुढं बघितलं. माझ्या पाठीवर ते डोळे मला टोचत होते. पाय दाबला. काठी मधी. पाय सोडला. आवाज पडू दिला. त्या एका क्षणात मला बांधावर उभा असलेला माझा बाप दिसला, तोंडात तंबाखू, कशाचीच घाई नाही. पुन्हा पाय दाबला. काठी दह्यात बोट जावं तशी गेली. आवाज नाही, हिसका नाही. मला वाटलं, पडलाच नाही. पण ट्रॉली निघाली होती. मग पुढचा. तोही तसाच. वढ्याच्या उतारावर रेस देऊन खाली उतरवला, कुणाला कळलंही नसेल. हे एरंडेलानं केलं का माझ्या हातानं, ते मला आजतागायत माहीत नाही. तात्याला मात्र मरेपर्यंत शंका नव्हती.

वढ्यात सपाटीला मी ट्रॅक्टर थांबवून बंद केला. मागं वळलो. सगळ्या बशा भरलेल्या. मला वाटलं जिंकलो.

दगडूबा म्हणाला, "गेर कुठं टाकलास?"

"टाकला की. लई डाव टाकला."

"मला ऐकू आला न्हाई. मळणीला आलतास तवा पार देवळापत्तुर ऐकू यायचा. तू एकाच गेरात आणलंस. ही लबाडी झाली."

"पाव्हणं, जंत काढलं की त्याचं," तात्या म्हणाला.

"ते काय मला म्हाईत न्हाई. माघारी जाताना गेर ऐकू आला पायजे."

"ऐकू यायचा म्हंजे हिसका बसंल. चहा सांडंल."

"सांडला तर न्हाई."

"आन ऐकू न्हाई आला तर?"

"तरीबी न्हाई."

आबांनी विचारलं, "मंग हो कशानं?"

दगडूबानं विचार केला. "ते तुमी बगा," तो म्हणाला.

हातांना रग लागली होती पण बशी खाली ठेवायची कुणाची छाती नव्हती. दगडूबाची बहीण आपल्या बशीकडं बघत होती, त्या कलंडलेल्या घागरीकडं बघावं तशी. मी हँडलला हात घातला. काय करणार होतो मला माहीत नव्हतं. सोयरीक गेर वाजवून मोडायची का न वाजवता मोडायची, एवढंच माझ्या हातात होतं.

तेवढ्यात मागून आवाज आला. फुर्रर्र.

गयानं बशी तोंडाला लावली होती. तळापर्यंत प्याली, बशी पालथी करून झटकली आणि पदरानं तोंड पुसलं.

"ए पोरी!" दगडूबा म्हणाला. "काय केलंस?"

"प्याले."

"अगं, ठरलं न्हाई अजून!"

"निवत व्हता. साय धरली व्हती."

"पोरीनं पिलेला धरत न्हाईत!"

आबा पुढं सरकले. मालक माणूस, कायद्याचं त्यांना कळायचं. "दगडूबा, तुमचीच रीत हाय. तोंड लागलं म्हंजे सोयरीक लागली. तोंड कुणाचं लागावं, ते रितीत हाय का?"

दगडूबानं पाव्हण्यांकडं बघितलं. पाव्हण्यांनी आभाळाकडं. तेव्हा त्याची बहीण, सकाळपासून एक शब्द न बोललेली, म्हणाली, "दादा, रितीत न्हाई." आणि तिनं आपली बशी उचलून पिऊन टाकली. फुर्रर्र. दगडूबानं तिच्या रिकाम्या बशीकडं बघितलं. मग त्यानं डोळे मिटले आणि एरंडेल घ्यावं तसं तोंड करून आपला गार चहा प्याला. मग सगळी ट्रॉली फुरफुरली.

मी हँडल मारलं. वढ्यात ट्रॉली वळवायला जागा नव्हती म्हणून पुढं चढ चढलो, आणि मग वळवायचं विसरलो. गेर असे पडत होते की सोडवेना. वर चढवायचा, खाली उतरवायचा, उगीच. ट्रॉलीत आबांना वाटलं तात्यानं पाव्हण्यांना घरी सोडायला सांगितलंय, तात्याला वाटलं आबांनी. दगडूबा रुसून पाठ करून बसला होता. रस्ता सरळ होता, बाभळी मागं पडत होत्या, आणि मी मागं बघत नव्हतो. मग कुणीतरी ट्रॉलीच्या फळीवर बशी वाजवली आणि एक आवाज आला, माझ्याशी बोलायची ती तिसरीच खेप असेल.

"ओ डायवर, थांबवा. आमचं गाव मागं ऱ्हायलं."

परवा दूध घेऊन येताना मी माझ्याच दारावरून पुढं गेलो. पार शाळेच्या वळणाला गेल्यावर माझे पाय थांबले. मी मागं वळून बघितलं. रस्ता मोकळा होता, आमचं दार उघडं होतं, आणि मला कुणी हाक मारली नव्हती.